संस्थाचालक बाबासाहेब आम्ही पाहिले आहेत काय?

दरवर्षी २५ डिसेंबरला देहूरोडच्या बुद्धविहाराकडे पिंपरी, चिंचवड, भोसरी, दापोडी, तळेगाव, चाकण अशा चोहोबाजूंनी माणसांची रांग लागते. १९५४ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रह्मदेशातून आणलेली बुद्धमूर्ती स्वतःच्या हाताने येथे बसवली. छावणीत आणि लष्करी डेपोत राबणाऱ्या आमच्या कष्टकरी बापजाद्यांच्या वस्तीत हा ऐतिहासिक प्रसंग घडला. त्याच वर्षी शेजारच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे कारखाने आले आणि त्यानंतर चाकणचा माळही कारखान्यांनी भरून गेला. तळेगाव दाभाडे येथे तर बाबासाहेबांचा बंगलाच आहे. म्हणजे हा सारा औद्योगिक पट्टा बाबासाहेबांच्या पायधुळीने पावन झालेला आहे.

या पट्ट्यात बाबासाहेबांची जयंती जोरात होते. घटनेचे शिल्पकार, धम्मक्रांतीचे प्रवर्तक, कामगारांचे कैवारी म्हणून आपण त्यांना वंदन करतो. परंतु शाळा-कॉलेज, वसतिगृह चालवणारे, प्राध्यापक निवडणारे, इमारतीच्या विटा मोजणारे आणि विद्यार्थ्याच्या कामाचे तास पाहून कॉलेजची वेळ ठरवणारे संस्थाचालक बाबासाहेब आपण पाहिले आहेत काय? आज आपल्यातलेही अनेक जण शिक्षणसंस्था काढू लागले आहेत. कोणी इंग्रजी शाळा काढतो, कोणी स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, तर कोणी वसतिगृह. ही आनंदाची गोष्ट आहे. पण शिक्षणातला नेता कसा असावा, त्याने स्वतःवर कोणते दंडक घालून घ्यावेत, याचा विचार करताना बाहेरच्या शिक्षणसम्राटांकडे पाहण्याची गरज नाही. बाबासाहेबांचे चरित्र त्यासाठी पुरेसे आहे.

सातारच्या शाळेत हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसला. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसला तर पाणीही नाही. १९०७ मध्ये मॅट्रिक आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी, हा प्रवास सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर झाला. १९१३ मध्ये त्याच बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडनला. तिथे शिक्षण ऐन रंगात आले असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अर्धवट सोडून परत यावे लागले. पैशावाचून शिक्षण मध्येच तुटणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते. पुढे त्यांनी काढलेल्या प्रत्येक संस्थेत या अनुभवाची खूण दिसते.

१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्वत्तेबद्दल कोणाला शंका घेता येईना. त्यांचे तास ऐकायला दुसऱ्या कॉलेजचे विद्यार्थी येऊ लागले. पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली! लंडनहून आलेल्या प्राध्यापकालाही या देशात जात चिकटलेलीच होती. बाबासाहेबांनी पगारातून पैसा साठवला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले आणि १९२० मध्ये ते अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन परतले. शिक्षणातल्या नेत्याचा पहिला दंडक इथे सापडतो. दुसऱ्याला शिक असे सांगण्याआधी स्वतः शिकून पुरे व्हावे आणि शिकणे कधी थांबवू नये. पुढे कायदेमंत्री झाल्यावरही त्यांचे वाचन सुटले नाही. राजगृह त्यांनी ग्रंथांसाठीच बांधले आणि त्यातले हजारो ग्रंथ शेवटी सिद्धार्थ कॉलेजच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांसाठी गेले.

परत आल्यावर त्यांनी आधी काय केले? १९२४ च्या जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे अध्यक्षपद त्यांनी सर चिमणलाल सेटलवाड यांच्याकडे दिले आणि स्वतः व्यवस्थापक मंडळाचे काम अंगावर घेतले. खुर्ची दुसऱ्याला आणि कष्ट स्वतःला, असा हा हिशेब होता. सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. खेड्यातल्या अस्पृश्य मुलाला गावात चौथीपर्यंतची शाळा कशीबशी मिळे. पुढची शाळा शहरात आणि शहरात त्याला खोली कोण देणार? अडचणीचे मूळ राहण्या-जेवण्यात आहे हे बाबासाहेबांनी ओळखले आणि सुरुवात तिथून केली. मुलांना कपडे, वह्या-पुस्तके सभेने पुरवली. मुंबईत मोफत वाचनालय आणि महार हॉकी क्लबही काढला. आपली पोरे संध्याकाळी वाचनालयात किंवा मैदानावर दिसावीत, जुगाराच्या अड्ड्यावर दिसू नयेत, इतका बारीक विचार त्यामागे होता. १९२८ मध्ये त्यांनी दलितवर्ग शिक्षण संस्था काढली आणि पनवेल, ठाणे, पुणे, नाशिक, धारवाड अशा ठिकाणी वसतिगृहांचे काम वाढवले.

मात्र केवळ स्वतःच्या संस्थेपुरते पाहणारा माणूस शिक्षणातला नेता होत नाही. सरकारच्या तिजोरीकडेही त्याची नजर हवी. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात नियुक्त झाल्यावर काही आठवड्यांतच, १२ मार्च रोजी, बाबासाहेब शिक्षणाच्या खर्चावर बोलायला उभे राहिले. त्यांनी आकडेच मांडले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारी करापोटी त्याच जनतेकडून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेच्या खाईत जातात. कॉलेज आणि शाळांच्या खर्चाचा मोठा भाग फीमधून वसूल होतो हे दाखवून त्यांनी याला शिक्षणाचा व्यापार म्हटले. आज आमच्या पट्ट्यात फीच्या पावत्या पाहून आई-बापाला घाम फुटतो. तो रोग बाबासाहेबांनी जवळपास १०० वर्षांपूर्वी ओळखला होता.

१९३५ ते १९३८ या काळात ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. ज्याला माठातले पाणी नाकारले गेले तो त्याच मुंबईत प्राचार्याच्या खुर्चीवर बसला. येवल्याची धर्मांतराची घोषणा, स्वतंत्र मजूर पक्षाची उभारणी, १९३७ ची निवडणूक हे सारे त्याच काळातले. एवढ्या धामधुमीतही कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर त्यांनी सविस्तर लेखन केले. पद मिळाले म्हणून मिरवण्याचा हा मामला नव्हता. ज्या खुर्चीवर बसलो त्या खुर्चीचे काम समजून घ्यायचे, हा त्यांचा स्वभाव होता.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सत्तेत गेल्यावर अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी सरकारकडून वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद मंजूर करून घेतली. तिच्यातून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या आणि आपली काही मुले परदेशी शिकायला गेली. आज ज्या भारत सरकार शिष्यवृत्तीचा फॉर्म आपली मुले भरतात, तिचे मूळ इथे आहे. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे लंडन सोडावे लागलेल्या विद्यार्थ्याने सत्ता हाती येताच पुढच्या पिढीची वाट अशी बांधून काढली.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. संस्थेच्या नावातच जनता आहे. संस्था दलितांच्या उत्थानासाठी निघाली, पण तिचे दार कोणत्याही जातीच्या विद्यार्थ्याला बंद नव्हते. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. स्वतःची इमारत नव्हती. मरीन लाइन्सजवळ युद्धकाळात सैन्यासाठी उभारलेल्या बराकींमध्ये वर्ग भरले. टोलेजंग इमारत झाल्यावरच संस्था सुरू करू, असे बाबासाहेब म्हणत बसले नाहीत. फोर्टमधल्या आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारती नंतर आल्या.

बांधवांनो, सिद्धार्थ कॉलेजची खरी क्रांती तिच्या वेळापत्रकात होती. कॉलेज सकाळचे ठेवले गेले. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, पोस्टात, सरकारी कचेरीत पोट भरणाऱ्या तरुणाने सकाळी तास करावेत आणि तेथून कामावर जावे, अशी ती योजना होती. गरिबाने नोकरी सोडून कॉलेजात यावे ही अपेक्षा बाबासाहेबांनी ठेवली नाही, कारण नोकरी सोडली तर घरची चूल विझते. म्हणून त्यांनी कॉलेजलाच त्याच्या वेळेवर आणले. त्यांचे गुरू महात्मा फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली होती. रात्रशाळेचा तो वारसा ९१ वर्षांनी मुंबईत सकाळच्या कॉलेजच्या रूपाने पुढे आला. शिकणाऱ्याचा दिवस कसा जातो हे आधी पाहायचे आणि मग घंटा वाजवायची, हा शिक्षणातल्या नेत्याचा सर्वांत मोठा दंडक आहे.

दुसरी महत्त्वाची बाब माणसे निवडण्याची. सिद्धार्थच्या सुरुवातीच्या काळात संस्कृतचे नामवंत पंडित अ. बा. गजेंद्रगडकर प्राचार्य होते. मिलिंद कॉलेजचे प्राचार्यपद म. भि. चिटणीस यांच्याकडे होते. संस्थेच्या रोजच्या कारभारात कमलाकांत चित्रे हे विश्वासू सहकारी होते. पुढे केंद्रीय मंत्री झालेले समाजवादी नेते मधू दंडवते सिद्धार्थमध्ये दीर्घकाळ पदार्थविज्ञान शिकवत होते. यांपैकी कोणीही आपल्या समाजातला नव्हता. मनुस्मृतीचे दहन करणाऱ्या नेत्याने आपल्या कॉलेजची धुरा एका ब्राह्मण पंडिताकडे दिली, याचे काहींना नवल वाटेल. बाबासाहेबांचा झगडा ब्राह्मण्याशी होता आणि आपल्या मुलांना उत्तम शिक्षक मिळावा हा हट्ट होता. मेहुण्याला मास्तर आणि भाच्याला कारकून नेमणाऱ्या आजच्या संस्थाचालकांनी हे पान जरूर वाचावे. या धोरणामुळेच आपली माणसेही तयार झाली. पुढे डॉ. म. ना. वानखेडे मिलिंदचे प्राचार्य झाले. डॉ. गंगाधर पानतावणे तिथे प्राध्यापक झाले आणि अस्मितादर्शच्या रूपाने त्यांनी दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ दिले.

मुंबईनंतर बाबासाहेबांची नजर मराठवाड्याकडे वळली. निजामी राजवटीत हा भाग शिक्षणात कमालीचा मागे राहिला होता. तिथल्या दलित मुलाने कॉलेजात जायचे म्हणजे हैदराबाद किंवा मुंबई गाठायची. जिथे गरज सर्वांत जास्त तिथे जायचे, या न्यायाने १९५० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, संस्थेचे कॉलेज सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. परिसराला नागसेनवन आणि कॉलेजला मिलिंद हे नाव बाबासाहेबांनी दिले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा त्या प्रश्नांना न चिडता उत्तरे देणारा भिक्खू. कॉलेजला नाव दिले प्रश्न विचारणाऱ्याचे! विद्यार्थ्याने प्रश्न विचारावेत आणि गुरूने ते ऐकून घ्यावेत, ही सारी शिक्षणपद्धती त्या दोन नावांत आली. सिद्धार्थ कॉलेजात तर विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि बाबासाहेबांनी स्वतः तिथे भाषण केलेले आहे.

या काळात बाबासाहेब देशाचे कायदेमंत्री होते, घटनेचे काम झाले होते, हिंदू कोड बिलाची लढाई सुरू होती. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शरीर पोखरले होते. तरीही दिल्लीहून चित्रे यांच्याशी पत्रव्यवहार करून ते कॉलेजचे बांधकाम, पैसा, नेमणुका यांवर लक्ष ठेवत. औरंगाबादला आले की बांधकामावर जातीने फिरत. एवढ्या मोठ्या माणसाला अशा लहान गोष्टींत लक्ष घालण्याचे कारण काय? कारण गरिबाच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या संस्थेत एक वीटही वाया गेलेली त्यांना चालणार नव्हती.

शिक्षणाबरोबर शीलाचा आग्रह त्यांनी कधी सोडला नाही. शीलावाचून शिकलेला माणूस समाजाला अडाण्यापेक्षा जास्त घातक ठरतो, हे ते बजावून सांगत. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी शिकून नोकरीला लागलेल्या वर्गाने समाजाकडे पाठ फिरवल्याची व्यथा जाहीरपणे बोलून दाखवली. ज्यांच्यासाठी वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या मिळवल्या, कॉलेजे उभारली, त्यांच्यातलेच काही जण स्वतःचे पोट भरून मोकळे झाले होते. आपल्या कामाचे अपयशही लोकांसमोर मांडण्याचे धैर्य त्या नेत्यात होते. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांच्या पश्चात काय झाले हेही सांगितलेच पाहिजे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीत विश्वस्तपदावरून वाद झाले, गट पडले, प्रकरणे कोर्टकचेरीपर्यंत गेली. एकीकडे मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी नामांतराच्या लढ्यात १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत झुंज दिली, तर दुसरीकडे संस्थेचे कारभारी खुर्चीसाठी भांडत राहिले. शत्रूने केलेले नुकसान दिसते, आपण केलेले नुकसान आपण झाकतो. बाबासाहेबांची संस्था मिळाली म्हणजे बाबासाहेबांचे दंडक मिळाले असे होत नाही. ते दंडक प्रत्येक पिढीतल्या माणसाला स्वतःवर नव्याने घालून घ्यावे लागतात.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहा. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतरही मराठवाड्यातून हजारो कुटुंबे पोटासाठी पिंपरी-चिंचवडकडे आली. आज लातूर, नांदेड, परभणी, बीडचा तरुण चाकणला येतो. एका खोलीत चार-पाच जण राहतात. कंत्राटी किंवा ट्रेनी म्हणून लाइनवर उभे राहायचे, एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी, मग रात्रपाळी. यातला कोणी बारावी झालेला असतो, कोणी आयटीआय, कोणाची पदवी शेवटच्या वर्षाला तुटलेली. मुदत संपली की कंपनी नवा भरती करते आणि हा पुन्हा गेटवर उभा राहतो. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्याच्यासाठी सकाळचे कॉलेज काढले, तोच हा तरुण आहे. फक्त गिरणीच्या जागी वाहनाचे सुटे भाग बनवणारा कारखाना आला आहे. या तरुणाच्या पाळीप्रमाणे उघडणारे वर्ग या पट्ट्यात किती आहेत? आपल्या वस्त्यांतली विहारे जयंती-वर्षावासाला गजबजतात. उरलेल्या दिवसांत त्यांच्या दाराला कुलूप का असते?

नवे विद्यापीठ काढायला कोणी सांगत नाही. निगडी, पिंपरी, भोसरी, देहूरोड, चाकणच्या विहारांत रात्रपाळी सुटल्यावर सकाळी आणि पहिली पाळी सुटल्यावर संध्याकाळी अभ्यासवर्ग चालवता येतील. निवृत्त शिक्षक, अभियंते, बँक कर्मचारी आपल्यात आहेत. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरून देणे, गणित-इंग्रजी शिकवणे, शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत पाठवणे हे त्यांच्या हातचे काम आहे. ज्यांनी संस्था काढल्या आहेत त्यांनी जमाखर्च दरवर्षी दारावर लावावा, नेमणुकीत नातेवाईक दूर ठेवावेत आणि आपल्यानंतर कोण हे आपण असतानाच ठरवावे. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला तर त्याला उद्धट म्हणू नये. नागसेनवनाची आठवण ठेवावी.

यंदाच्या २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात मूर्तीपुढे हात जोडताना प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतल्या एका तरी पाळीवर जाणाऱ्या पोराचे नाव मनात ठेवावे आणि त्याचे तुटलेले शिक्षण जोडून देण्याची जबाबदारी घ्यावी. बाबासाहेबांनी ही जबाबदारी सोलापूरच्या एका लहानशा वसतिगृहापासून उचलली होती. आपल्यालाही तेवढ्यापासूनच सुरुवात करता येईल. जयभीम!